बिघाड लपवू नये

माझ्या माहेरी आजोबांच्या वेळचा, लाकडी पेटीचा एक रेडिओ होता. तो बिघडला की बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे जायचा. पेटी उघडण्याआधी काका नेहमी विचारायचे, "पडला होता का? पाणी गेलं का आत? घरात कोणी उघडून पाहिला का? खरं काय ते सांगा, म्हणजे बिघाड लवकर सापडेल." एकदा मी मागचं झाकण काढून आतली एक तार ओढून पाहिली होती. आई शेजारी उभी, म्हणून गप्प बसले. काकांचा अख्खा दिवस त्या पेटीत गेला. संध्याकाळी मलाच राहवलं नाही. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, हे सकाळी सांगितलं असतंस तर दहा मिनिटांचं काम होतं."

हे वाक्य मला परवा पुन्हा आठवलं, ते शेजारच्या वहिनींमुळे.

आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. वहिनींचा हात चालेना. मी सहज म्हटलं, "बरं नाही का?" तर डोळ्यांना पदरच लावला. चार दिवसांपूर्वी त्यांच्या फोनवर निरोप आला होता, तुमचं वीजबिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, लगेच या नंबरवर बोला. घरात म्हातारे सासरे, बाहेर उन्हाळ्याची काहिली. वहिनींनी नंबर फिरवला. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं, ताई ताई करत बोलत होता. फोनवर एक ॲप घ्या म्हणाला, फक्त दहा रुपये भरून दाखवा म्हणाला. दहा रुपये भरले, आणि पुढच्या काही मिनिटांत तीन वेळा मिळून अडतीस हजार रुपये खात्यातून गेले. उन्हाळ कांदा विकून आलेले पैसे. बी-बियाण्याला आणि मुलाच्या फीला ठेवलेले.

"यांना सांगितलंत?" मी विचारलं.

"कुठल्या तोंडानं सांगू?" वहिनी म्हणाल्या. "म्हणतील, बारावी शिकलीस ना? मग?"

चार दिवस ती बाई स्वयंपाक करत होती, डबे भरत होती, पाहुण्यांना चहा देत होती, आणि आतल्या आत झुरत होती. मैत्रिणींनो, पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण मला जास्त लागलं ते हे चार दिवसांचं गप्प राहणं. कारण त्या चार दिवसांत बरंच काही वाचवता आलं असतं. ते कसं, हे सांगण्याआधी एका मराठी घरातली खरी गोष्ट सांगते. ती गोष्टही दुरुस्तीच्या दुकानातच सुरू होते.

सातारा जिल्ह्यात रहिमतपूर आहे. तिकडचं काटकर कुटुंब, मुलं वाढली पुण्यात. थोरले कैलास काटकर यांनी मॅट्रिकनंतर शिक्षण सोडलं आणि रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात नोकरी धरली. पगार महिना चारशे रुपये. हातात कसब आलं तसं नव्वद सालाच्या सुमारास त्यांनी पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्याच्या मंगळवार पेठेत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक खोली, आपल्या स्वयंपाकघराएवढी. पहिल्या वर्षाची उलाढाल पंचेचाळीस हजार. एका बँकेत कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला गेले असताना काचेमागे टीव्हीसारखं काहीतरी ठेवलेलं त्यांना दिसलं. तो संगणक होता. त्या काळी बँकांतले लोक त्या यंत्राकडे साशंकपणे बघत, आपल्या नोकऱ्या खाईल म्हणून. यांना मात्र वाटलं, हे आहे तर कधीतरी बिघडेलही, आणि बिघडेल ते दुरुस्त कोणी करायचं? त्यांनी पुस्तकं मिळवली, काम शिकून घेतलं. १९९३ मध्ये संगणक दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. पुढे पन्नास हजार रुपये घालून दुकानात पहिला संगणक आणला.

धाकटे भाऊ संजय. त्यांचा ओढा इलेक्ट्रॉनिक्सकडे होता. थोरल्या भावानं आग्रह धरला, संगणकच शीक. स्वतःची शाळा दहावीला थांबली, पण धाकट्याच्या फीसाठी दुकान चालवलं. संजय पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकले, पुढे त्याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. फावल्या वेळात भावाच्या दुकानात बसायचे. तिथे त्यांच्या लक्षात आलं की दुरुस्त करून दिलेला संगणक काही दिवसांनी पुन्हा परत येतो. यंत्रात दोष नसतो. त्याला लागण झालेली असते. फ्लॉपीतून.

तरुण मैत्रिणींनी फ्लॉपी पाहिलीही नसेल. पापडाएवढी चौकोनी चकती, तिच्यावर मजकूर साठवायचा आणि एका संगणकातून दुसऱ्यात न्यायचा. व्हायरस हा लहानसा आज्ञासंच असतो. तो दुसऱ्याच्या अंगाला चिकटून आपल्यासारख्याच प्रती काढत जातो. आयबीएम पद्धतीच्या पीसी संगणकांना लागण करणारा पहिला व्हायरस १९८६ मध्ये निघाला, आणि गंमत बघा, तोही दोन भावांनीच केला होता, लाहोरच्या. त्यात त्यांनी आपलं नाव आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! लाहोरच्या दोन भावांकडून रोग निघाला. नऊ वर्षांनी पुण्याच्या दोन भावांनी एक औषध काढलं.

संजय काटकरांनी व्हायरस शोधून काढणारा आणि बिघडलेली फाइल पुन्हा नीट करणारा प्रोग्रॅम लिहिला. १९९५ मध्ये तो 'क्विक हील' या नावानं बाजारात आला. नावातच सगळं आहे, चटकन बरं करणारं. नुसतं कापून टाकणारं नव्हे. दुरुस्तीवाल्याच्या घरातच असं नाव सुचावं! मधली काही वर्षं ओढाताणीची गेली. मग व्यवसायानं मूळ धरलं. पुण्याबाहेरची पहिली शाखा २००३ मध्ये निघाली ती आपल्या नाशिकला. २००७ मध्ये कंपनीनं औषधाचंच नाव घेतलं. २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. कैलासरावांच्या पत्नी अनुपमा काटकर यांनीही कंपनीत जबाबदारीचं काम केलं, आणि कंपनीच्या फाउंडेशनतर्फे कॉलेजची मुलं शाळांत, वस्त्यांत जाऊन लोकांच्या भाषेत फोन-इंटरनेटचे धोके समजावून सांगतात, तो उपक्रम उभा केला.

मी स्वतः बी.ए. गणित नववीतच माझ्यावर रुसलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रश्न आला, की रेडिओ आणि इंटरनेटचा पहारा यांचा संबंध काय? आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्यांनी मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता सांगितलं ते असं.

रेडिओत दोन गोष्टी एकदम येतात, गाणं आणि खरखर. गाणं म्हणजे संकेत, सिग्नल. खरखरीतून तो वेगळा काढायचा, हेच रेडिओचं काम. पूर्वी हे काम तारा आणि कॉइल करायच्या. पुढे संगणक आले आणि तेच काम आकडेमोडीनं होऊ लागलं. टेलिफोनच्या साध्या व्यवस्थेत आपला आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजणीचा एक आकडा. म्हणजे आपण "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणतो तेव्हा तारेतून आकड्यांची माळ जाते, आणि पलीकडे त्या माळेचा पुन्हा आवाज होतो. मधली खरखर गाळायची, माळ आटोपशीर करायची, चुकलेले मणी ओळखून नीट लावायचे, या विद्येला सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात. ईसीजीचा कागद असो, सोनोग्राफीचं चित्र असो की मोबाइलवरचा आवाज, सगळीकडे हीच विद्या.

आता आवाजाचे आकडे झाले, चित्रांचे झाले, आपल्या बँकेतल्या पैशांचेही आकडेच झाले. मग ते आकडे चोरापासून जपायचे कसे? हा झाला सुरक्षेचा भाग. बाई म्हणाल्या, या दोन्ही विद्यांचा पाया ज्यांनी घातला त्यांत क्लॉड शॅनन नावाचा एकच अमेरिकन गणिती येतो. १९४८ मध्ये त्यानं संदेश खरखरीतून कसा पार न्यावा यावर निबंध लिहिला, आणि १९४९ मध्ये संदेश गुप्त कसा राखावा यावर दुसरा. पहिल्यात खरखर आपोआप आलेली. दुसऱ्यात आडवा येणारा माणूस असतो, मुद्दाम आलेला. म्हणून एका कामातला इंजिनिअर दुसऱ्या कामात रमला, तर त्यात नवल नाही. सवय एकच लागते, हजार चांगल्यांतलं एक वाईट ओळखण्याची.

हे ऐकताना मला आमच्या लासलगावच्या कांद्याच्या चाळी आठवल्या. उन्हाळ कांदा चाळीत भरला की तो चार-पाच महिने राहतो. बाया मधूनमधून कांदा निवडायला बसतात. वरून सगळे सारखे, गुलाबी. पण सराईत बाईला आधी वास येतो, मग बोटाला मऊ लागतो, आणि तेवढा एक कांदा ती बाहेर काढते. नाही काढला तर शेजारचे चार जातात, मग चाळीचा कोपरा जातो. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम हेच करतो. ओळखीच्या व्हायरसची खूण त्याच्या वहीत टिपलेली असते. नवा व्हायरस असला आणि खूण माहीत नसली, तर त्याच्या वागणुकीवरून संशय घेतो, हा नको तिथे हात का घालतोय म्हणून. आणि कुजका कांदा दिसला की निवडणारी बाई तो पदराखाली लपवत नाही. लगेच बाहेर टाकते.

आपल्या घरात मात्र आपण नेमकं उलटं करतो. फसलो की झाकतो.

फसवणुकीची तऱ्हा आता बदलली आहे. चोर संगणकाच्या मागच्या दारानं कमी आणि माणसाच्या पुढच्या दारानं जास्त येतो. कुलूप कितीही भक्कम असलं तरी आपणच कडी काढली तर काय उपयोग? लग्नाची पत्रिका म्हणून फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरं असतात. ती पत्रिका नव्हे, ते फोनमध्ये शिरणारं ॲप असतं. पोलिसाच्या वेशातला माणूस पडद्यावर दिसतो आणि तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली म्हणतो. अशी अटक कायद्यात मुळीच नाही. पंतप्रधानांनी स्वतः ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे देशाला सांगितलं. आणि सगळ्यांत जिवाला चटका लावणारी तऱ्हा म्हणजे आवाजाची. आवाजाचे आकडे झाले हे वर सांगितलंच. मग ते आकडे जुळवून आपल्या मुलाच्या आवाजासारखा आवाजही करता येतो. त्याला थोडंसं ध्वनिमुद्रण पुरतं. "आई, माझा ॲक्सिडेंट झालाय, लगेच पैसे पाठव." हे कानावर पडल्यावर कुठली आई विचार करत बसेल? गाणं आणि खरखर वेगळी करायची विद्या इथे चोराच्या हाती लागली आहे. म्हणून ओळखीचा आवाज ही आता खात्रीची खूण राहिली नाही.

यावर मोठा खर्च नाही. पूर्वी किल्ल्यावर रात्री येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारत. तसा एक शब्द घरात ठरवून ठेवा. आजोळच्या गाईचं नाव, सासूबाईंची आवडती भाजी, काहीही. तो फोनवर लिहून पाठवायचा नाही, जेवताना तोंडी सांगायचा. फोनवरून कोणी घाईनं पैसे मागितले की शब्द विचारायचा. सांगता आला नाही की फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या जुन्या नंबरावर आपण स्वतः करायचा.

दुसरं, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायलाच. "तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा चोरच समजा. ओटीपी बँकेच्या साहेबालाही सांगायचा नाही, कारण खरा साहेब तो मागतच नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कुठलंही ॲप घेऊ नका, त्यातून आपल्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो. घरखर्चाचं खातं आणि ठेवीचं खातं वेगळं ठेवा. फोनला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असू द्या. आपण डब्यात लागेल तेवढीच साखर काढतो आणि पोतं आत ठेवतो, तसंच हे.

आणि तरीही फसलोच, तर? इथे मला ते रेडिओवाले काका आठवतात. सकाळीच सांगायचं.

आधी १९३० या नंबरावर फोन करायचा. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा मदत क्रमांक आहे. चोर पैसे एका खात्यात ठेवून बसत नाही. तिथून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि शेवटी रोख काढतो. तुमचा फोन गेला की त्या-त्या बँकेला कळवलं जातं, आणि वाटेत जेवढे पैसे सापडतील तेवढे अडवून धरता येतात. म्हणून पहिले काही तास सोन्याचे. बाजारातून ट्रक फाटकाबाहेर पडायच्या आत आरोळी दिली तर तो अडतो, नागपूरला पोचल्यावर आरोळी देऊन काय होणार? त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड आणि खातं बंद करायला सांगायचं. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक जपून ठेवायचा. पैसे गेल्याचे निरोप, व्यवहाराचा क्रमांक, चोराचा नंबर, यातलं काहीही रागानं किंवा लाजेनं पुसून टाकायचं नाही. तोच आपला पुरावा.

कळवण्याला आणखीही अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक तत्त्व घालून दिलं. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे गप्प बसलेल्या प्रत्येक तासाची किंमत आपल्याच खिशातून जाते.

मी हे सगळं वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आधी यांना सांगावं लागेल." मी म्हटलं, "मी येते बरोबर." कुरडया तशाच टाकून आम्ही खाली उतरलो. भाऊ पडवीत हिशेबाची वही घेऊन बसले होते. वहिनी बोलत होत्या आणि ते वहीकडेच बघत होते. मला वाटलं, आता स्फोट होणार. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ते वही मिटून हळूच म्हणाले, "गेल्या दिवाळीत माझे पाच हजार असेच गेले. ट्रॅक्टरचं ॲडव्हान्स म्हणून. तुला सांगितलं नाही. म्हटलं, हसशील."

वहिनी बघतच राहिल्या. मग दोघंही हसले, पण डोळ्यांत पाणी होतं.

त्याच दिवशी त्यांनी १९३० ला फोन लावला, संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, बँकेत जाऊन आले. चार दिवस उशीर झालेला. अडतीस हजारांपैकी काही हाती येईल का, ते आज कोणी सांगू शकत नाही. पण भाऊंनी पाच हजारांचं दुःख चार दिवसांपेक्षा किती जास्त दिवस एकट्यानं वागवलं होतं, ते त्या दिवशी कळलं. आणि बाईमाणूस भोळं म्हणून फसतं, हे म्हणणंही त्या पडवीत कायमचं मिटलं.

ज्या मुलाची शाळा दहावीला थांबली, त्यानं बिघाड ही लाजेची गोष्ट मानली नाही. त्याच्या लेखी ते कामच होतं. त्यातून केवढं उभं राहिलं ते वर सांगितलं. आपल्याला एवढी मोठी कंपनी काढायची नाही. आपल्या चार भिंतींत कोणी चुकलं, तर "तुला अक्कल नाही का?" म्हणण्याआधी "कधी झालं, काय झालं, सांग" एवढं म्हणता आलं तरी पुष्कळ. ज्या घरात चूक सांगितल्यावर बोलणी बसतात, त्या घरात पुढची चूक कोणी सांगत नाही. मुलांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. आज खेळाच्या ॲपवर गेलेले दोनशे रुपये तो सांगू शकला, तरच उद्या कोणी त्याला फोटोवरून धमकावलं तर तो आपल्याकडे येईल.

वहिनींच्या स्वयंपाकघरात आता दुधाच्या हिशेबाच्या कागदाखाली दुसरा कागद चिकटवला आहे. त्यावर भाऊंच्या अक्षरात १९३० आणि बँकेचा नंबर. परवलीचा शब्द मात्र लिहिलेला नाही. तो त्यांनी मलासुद्धा सांगितला नाही, आणि मला त्याचा फार आनंद झाला.